तांबडी की निळी

"दोन्ही सारख्याच तर आहेत," हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. भाजीवाला म्हणो, बायको म्हणो, नाहीतर कुणी मोठा इंजिनियर म्हणो. जन्मभर मी हत्यारांना धार लावली. एका खोक्यातून निघालेल्या दोन कानशी सारख्या नसतात, तर बाकीचं काय घेऊन बसलात. माणसं नीट बघत नाहीत आणि सारखं म्हणून मोकळी होतात. हे मी इतक्यांना सुनावलंय की लोक माझ्यासमोर दोन वस्तू ठेवायलाच कचरायचे.

एक सोडून, माझी मुलगी. चार वर्षांची असल्यापासून ती दोन पेन्सिली, दोन आंबे, दोन खोडरबर असं काहीबाही घेऊन माझ्यापुढे यायची आणि विचारायची, "बाबा, विच वन?" दुबईतल्या अल मनखूलमध्ये वाढलेली पोर. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच. मग मी चष्मा लावायचो, दोन्ही वस्तू खिडकीच्या उजेडात धरायचो, हातावर तोलायचो आणि निकाल द्यायचो, कारणासकट. ती मान डोलवून तीच वस्तू घ्यायची. नववीत गेली तरी हा खेळ सुटला नव्हता. हे ती आईला विचारायची नाही, मैत्रिणींना नाही, फक्त मला. याचा मला केवढा माज होता ते आता लिहिताना कळतंय.

दुबईत मी आलो तो नव्वदच्या सुरुवातीला, अल कूझमधल्या एका वर्कशॉपात. मालक सांगलीकडचे. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, ते मला मिस्त्री. काम सरळ होतं, सुतारांच्या करवतींना आणि रंध्याच्या पात्यांना धार लावायची. शहर उभं राहत होतं, दारंखिडक्या नि कपाटं लागतच होती, त्यामुळे दहा-बारा वर्षं मान वर करायला फुरसत नव्हती. मग वापरून फेकून द्यायची पाती बाजारात आली. धार लावण्यापेक्षा नवं पातं परवडायला लागलं, आणि वर्कशॉपात आम्ही दिवसभर चहा पीत बसायला लागलो. बायको आणि मुलगी माझ्या व्हिसावर, माझा व्हिसा शेठच्या वर्कशॉपवर. वर्कशॉप बंद म्हणजे आम्ही तिघंही बंद, हे मला रोज सकाळी शटर उचलताना आठवायचं.

आणि मग या शहराने मॉलच्या आत बर्फाची टेकडी बांधली. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत उणे दोन. लोक हसले, मीही हसलो. शेठ मात्र जाऊन बघून आले आणि म्हणाले, मिस्त्री, तिथे शेकडो स्की आहेत, पायाला बांधून बर्फावर घसरायच्या लांब फळ्या, आणि प्रत्येक स्कीला खालून दोन्ही बाजूंनी पोलादाची कड आहे. कड आली म्हणजे धार आली. पंधरा दिवसांत त्यांनी त्या टेकडीच्या स्कींना धार लावायचं कंत्राट आणलं. बर्फ मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला तो असा, कामाच्या निमित्ताने, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी.

मला वाटलं होतं बर्फ मऊ असतो. कसला मऊ. रात्रभर यंत्राने दाबून सपाट केलेला तो बर्फ सकाळी फरशीसारखा घट्ट असायचा. त्यावर नुसतं घसरायचं असेल तर कुठलीही फळी चालते. पण एका अंगाला कलून, कडेवर उभं राहून, बर्फात बारीक चीर पाडत वळण घ्यायचं असेल तर दोनच गोष्टी कामाच्या, अरुंद कंबर आणि धारदार कड. स्की पुढून रुंद, मागून रुंद आणि मध्ये बारीक असते. कंबर जितकी बारीक, तितकी ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन जाते. हे मी पुस्तकात वाचलं नाही, आपटून आपटून शिकलो. ज्या हत्याराला धार लावतो ते स्वतः चालवून बघायचं ही माझी खोड. पहिल्या महिन्यात कंबर, कोपर आणि अब्रू तिन्ही सडकून निघाली. माझ्याबरोबर मुलगीही शिकायला लागली, आणि मी उठून उभा राहीपर्यंत ती दोन फेऱ्या मारून यायची.

मुलांना शर्यतीसाठी तयार करणारी तिथली मुख्य शिक्षिका ऑस्ट्रियाची होती. आम्ही तिला मॅडम म्हणायचो. पन्नाशीची, काटक, बोलणं मोजकं. तिला मुलांसाठी अरुंद स्कीच्या चाळीस जोड्या घ्यायच्या होत्या. दोन कारखान्यांनी नमुन्याची एकेक जोडी पाठवली, एक तांबडी, एक निळी. मॅडमने दोन्ही माझ्या हवाली केल्या आणि सांगितलं की दोन आठवडे चालव, वहीत लिही, शेवटी एकीचं नाव दे. त्यानंतर ती स्वतः चालवणार आणि आपलं मत सांगणार होती. तिने हेही सांगितलं की याच महिन्यात धार लावायच्या कंत्राटाचं नूतनीकरण आहे. ज्याला दोन स्कींमधला फरक कळत नाही त्याच्या हातात ती चाळीस मुलांचे पाय देणार नव्हती. तसं झालं तर ती युरोपातून माणूस आणणार होती.

शेठना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले की कंत्राट गेलं तर वर्कशॉप खलास, मिस्त्री, मी लपवत नाही. ऊद मेथाच्या शाळेत मुलगी नववीत. दहावीच्या बोर्डाची नोंदणी नववीतच होते. मध्येच गाशा गुंडाळून गावाकडे जायचं म्हणजे पोरीचं वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं म्हणजे पुढचं सगळंच डळमळलं. बायकोने त्या दिवशी विचारलं, अहो, एवढं त्या फळ्यांवर आहे का? मी म्हटलं, आहे.

तर तांबडी आणि निळी. लांबी सारखी. कंबर एकीची सदुसष्ट मिलिमीटर, दुसरीची अडुसष्ट. शेठनी दोन्ही हातात घेतल्या आणि तेच म्हणाले, दोन्ही सारख्याच तर आहेत. माझं तोंड बघून ते ऑफिसात निघून गेले.

मी दोन्ही स्की दोन ठोकळ्यांवर आडव्या ठेवल्या, मध्ये वजन टांगलं आणि किती वाकतात ते मोजलं. जवळपास सारख्या. मग मागची बाजू पकडीत आवळली आणि पुढचं टोक पान्याने पिळून बघितलं. इथे फरक सापडला. निळीचं टोक ओल्या कपड्यासारखं पिळलं जायचं, तांबडीचं हटून बसायचं. म्हणजे निळी वळणात लगेच शिरणार, लाडात शिरणार, पण बर्फ कडक लागला की टोक सोडून देणार. तांबडी शिरायला जरा वेळ घेणार, पण एकदा धरलं की सोडणार नाही.

बर्फावर तसंच झालं. टेकडीच्या खालच्या अंगाला एक पट्टा होता, उतार मोठा आणि वरचा भुसभुशीत थर लोकांच्या येण्याजाण्याने खरवडून गेलेला. तिथे निळीची शेपूट थरथरायची आणि बाहेर पळायची. तांबडी त्याच जागी खर्रर्र आवाज करत चीर पाडत जायची. दहा दिवस मी रोज सकाळी मॉल उघडायच्या आधी दोन्ही चालवल्या, आळीपाळीने, दोन्हींना एकाच कोनाची धार लावून. शुक्रवारी मुलीलाही चालवायला दिल्या. या वेळी प्रश्न मी विचारला, विच वन? ती हसली. मग विचार करून म्हणाली, "ब्लू इज फन, बाबा. बट आय ट्रस्ट द रेड."

माझ्या वहीतली सतरा पानं हेच सांगत होती. पोरीने दोन वाक्यांत सांगितलं. मला इतका आनंद झाला की मी तिला परत जाताना दोन शावर्मा घेऊन दिले आणि यातला कुठला बरा म्हणून विचारलं.

शेवटची चाचणी शुक्रवारी सकाळी ठरली. बुधवारी मॅडम वर्कशॉपात आली. मी दोन्ही जोड्यांना शेवटची धार लावली, तिने बोट फिरवून बघितली आणि प्रत्येक कडेवर काळ्या शाईच्या पेनाने रेघ ओढली. म्हणजे आता कानस लावायची नाही. लावली तर रेघ पुसली जाणार आणि कळणार. गुरुवारी सकाळी मी दोन्ही शेवटच्या एकेकदा चालवून आणायच्या, म्हणजे नवी धार बर्फावर बसते, आणि शुक्रवारपर्यंत तशाच ठेवायच्या. पुसून. हे शेवटचं तिने बोट वर करून सांगितलं. उणे दोनमधली स्की दुबईच्या हवेत आली की तिला घाम फुटतो. थेंब थेंब पाणी धरतं, आणि समुद्राकाठच्या त्या चिकट हवेत उघड्या पोलादाला गंज चढायला एक दिवस पुरतो. दहा मिनिटांत पुसायचं आणि कडेला तेलाचा हात मारायचा हा नियम मीच सगळ्यांना शिकवला होता.

तो गुरुवार दसऱ्याचा होता.

आमच्या वर्कशॉपात दसऱ्याला हत्यारांची पूजा असायची, पहिल्या वर्षापासून. यंत्रं धुवायची, कानशी, पाने, हातोड्या पाटावर मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून आणलेली झेंडूची फुलं ठेवायची. आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या हत्यारांना हात लावायचा नाही. वर्षभर ती राबतात, एक दिवस त्यांचा. ही रीत माझ्या वडिलांची, त्यांच्या लोहारकामाच्या भात्याची, आणि शेठकडे ती मीच सुरू केली होती. शेठची मात्र तिच्यावर माझ्याहून जास्त श्रद्धा बसली होती.

सकाळी मी टेकडीवरून निघालो तो उशिरा निघालो. अल कूझला पोचलो तर बायको आणि मुलगी आधीच आलेल्या, ताट तयार, निरांजन लावलेलं, शेठ रेशमी सदऱ्यात घड्याळ बघतायत. मी व्हॅनमधून स्की काढल्या. निळी हातात आली, ती पुसली, तेल लावलं, स्टँडवर ठेवली. तेवढ्यात तांबडी बायकोने उचलून नेली. म्हणाली, यंदा हिच्यावरच आहे ना सगळं, मग हिलाच मध्ये ठेवू. पाटावर मधोमध तांबडी ठेवली. मुलीने ओलं कुंकू कालवून चारी कडांवर बोटाने टिळे लावले, छान ओळीने. मी फडकं हातात घेऊन आलो तोवर शेठनी आरती सुरू केली होती.

टाळ्या वाजवताना मी बघत होतो. तांबडीला घाम फुटला होता. पाणी ओघळून कुंकवात मिसळत होतं आणि कडेवरून खाली उतरत होतं.

आरती झाल्यावर मी पुढे झालो. शेठ म्हणाले, मिस्त्री, आता नाही. बायकोनेही हात धरला. म्हणाली, आजच्या दिवशी नको, अहो, तुम्हीच तर सांगता. मी तिथेच अडलो. ऐन वेळी माझाच नियम माझ्या अंगावर आला होता. फडकं हातात होतं. एक हात फिरवायचा होता, मिनिटाचं काम. मला वाटलं, हात लावला आणि उद्या काही बिनसलं तर जन्मभर हेच म्हटलं जाईल की देवाचं मोडलं म्हणून झालं. मी घाबरलो, दुसरं काही नाही. ज्या माणसाला एक मिलिमीटर दिसतो त्याला समोरचं पाणी दिसत होतं, आणि त्याने फडकं खुंटीला अडकवलं. शेठनी जाताना सवयीने एसी बंद केला आणि शटर ओढलं.

घरी श्रीखंड-पुरी होती. मी ताट तसंच ठेवून उठलो.

शुक्रवारी सकाळी सहाला मी आणि मुलगी वर्कशॉपात आलो. शेठ आधीच आले होते आणि पाटासमोर उभे होते. फुलं सुकून स्कीला चिकटली होती. मी फुलं उचलली. चारी कडांवर टोकापासून शेपटीपर्यंत गंज. कुंकू कुठलं आणि गंज कुठला हे कळत नव्हतं. नख फिरवलं. काल नखाची साल निघत होती, आज नख नुसतं घसरून गेलं.

मला रडू यायचं बाकी होतं. आधी शेठवर ओरडलो, मग बायकोच्या नावाने, ती तिथे नसताना. मुलगी म्हणाली की मॅडमला फोन करू, पूजेचं सांगू, ती थांबेल. साधी गोष्ट होती. पण शेठ म्हणाले की काय सांगणार, मिस्त्री? की आम्ही तुमच्या स्कीला कुंकू लावून रात्रभर ओली ठेवली? ज्याला पुसायचं कळत नाही त्याला कंत्राट कोण देणार? ते रागावून बोलत नव्हते, तेच जास्त वाईट होतं. मग त्यांनी माझी वही उघडली. शेवटच्या पानावर नाव लिहायचं बाकी होतं. ते म्हणाले की तांबडी आज हरणारच. तुम्ही निळी लिहा. मॅडम निळी म्हणेल, वही निळी म्हणेल, प्रश्न मिटला. नाहीतरी दोन्ही सारख्याच आहेत.

या वेळी मला राग आला नाही. मला सुटल्यासारखं झालं. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली.

मी तांबडी चांगली घासून पुसली, रेघ सांभाळून. गंजाचा रंग गेला, गेलेली धार कुठून येणार. कड आणि फळी यांच्या फटीत थोडं कुंकू राहिलं ते निघेना. व्हॅनमध्ये मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, वहीत काय लिहिलं. मी म्हटलं, बघू. मरीनाकडच्या क्रेन उन्हात उभ्या होत्या, रस्ता मोकळा होता, आणि मला वाटत होतं की तो संपू नये.

मॅडम वेळेवर हजर होती. तिने आधी निळी घातली. वरून खाली एकदा, दोनदा. खालच्या पट्ट्यात शेपूट थोडी थरथरली, तिने सावरली. मग तांबडी. वरची चार वळणं बरी गेली. खरं सांगायचं तर मला तेव्हा दोन्ही हवं होतं. तांबडीने धरावं असंही वाटत होतं आणि सुटावी असंही. खालच्या पट्ट्यात तिने अंग टाकलं, कड बर्फावर आली आणि नुसती सरकली. मॅडम कमरेवर आपटली, घसरत जाळीपर्यंत गेली. मुलगी किंचाळली. मी धावलो, त्या बुटांत जितकं धावता येतं तितकं.

मॅडम उठून बसली होती. लागलं नव्हतं फारसं. तिने स्की काढली, उलटी केली आणि पांढऱ्या हातमोज्याचा अंगठा कडेवरून फिरवला. अंगठा लाल झाला. तिने तो माझ्यापुढे धरला आणि विचारलं की हा गंज कसा, ही स्की पुसली होती ना?

तो गंज नव्हता. कुंकू होतं, मुलीने लावलेलं. ते तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं. मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "नो, मॅम, दॅट्स नॉट..."

"गप्प बस," मी म्हटलं. मराठीत.

मग मॅडमला सांगितलं की पुसली होती, दोन्ही सारख्याच पुसल्या होत्या. या कंपनीचं पोलादच हलकं, इथल्या हवेत टिकत नाही. निळी बघा, स्वच्छ आहे. आणि वही पुढे केली. शेवटच्या पानावर इंग्रजीत निळी असं लिहिलं होतं, मघाशी, पार्किंगमध्ये, मुलगी व्हॅनमधून बूट काढत असताना. मॅडमने ते पान वाचलं. आधीची सतरा पानं मराठीत होती, ती तिला वाचता येत नव्हती. तिने मान हलवली, म्हणाली की पोलादाचं तिच्या लक्षात आलं नसतं, आणि माझ्याशी हात मिळवला. तिच्या अंगठ्याचा लाल डाग माझ्या तळहातावर उठला.

परतताना मुलगी मागच्या सीटवर बसली. मी आरशातून बघत होतो, ती बाहेर बघत होती. तिला काहीतरी सांगायलाच हवं होतं. तुझ्या दहावीसाठी केलं, हे सांगता आलं असतं. खरं होतं. पण ते तिच्या डोक्यावर ठेवायचं धाडस झालं नाही, म्हणून जे तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, "अगं, दोन्ही सारख्याच तर आहेत."

तिने मान वळवून आरशात माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा बाहेर बघायला लागली.

कंत्राट राहिलं. निळ्या स्कीच्या चाळीस जोड्या आल्या आणि दर आठवड्याला माझ्याच टेबलावर यायच्या. पोरं खालच्या पट्ट्यात घसरू नयेत म्हणून मी त्यांची धार ठरल्यापेक्षा जास्त तिरकी करत राहिलो. तशी धार जास्त धरते आणि लवकर मरते, म्हणून परत लावायची. मॅडम सगळ्यांना सांगायची की हा माणूस जादूगार आहे. ते ऐकलं की मी उगाच मशीन सुरू करायचो, म्हणजे बोलणं थांबायचं. त्या हिवाळ्यात मुलीने टेकडीवर येणं सोडलं. अभ्यास आहे म्हणाली. होताच.

दहावी झाली, चांगले मार्क पडले. पेढे वाटताना शेठ म्हणाले की बघा मिस्त्री, माशाल्ला सगळं नीट झालं. मीही मान डोलवली.

अकरावीसाठी दोन शाळा तिच्या मनात होत्या. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन्ही शाळांची माहितीपत्रकं शेजारी शेजारी पडलेली दिसली. मी खुर्ची ओढून बसलो, खिशातून चष्मा काढून लावला, दोन्ही हातात घेतली आणि वाट बघत बसलो. ती पाण्याची बाटली भरायला आली. विचारेल म्हणून मी थांबलो. विचारलं नाही, तेव्हा मीच विचारलं, की यातली कुठली?

ती म्हणाली की फॉर्म कालच भरलाय. मी विचारलं, कुठल्या शाळेचा, आणि तीच का, दुसरी का नाही?

तिने बाटलीचं झाकण लावलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता.

"दे आर द सेम, बाबा."

ती खोलीत गेली. ते वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं नाही. मी दोन्ही पत्रकं एकावर एक नीट ठेवली, चष्मा काढला आणि खिशात ठेवला.